बरणी क्रमांक चौदा

उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेज रिकामं असतं.
अमळनेरचं ऊन पत्र्यावर तडतडत राहतं
आणि मुख्य सर जाता जाता सांगतात :
शिवदे, यंदा बरण्यांची लेबलं नवीन करून टाका.

बाविसांपैकी नऊ लेबलं
गळून पडलीत, शाई उतरलेली,
कागद बोटाला लागताच शेवाळ होतो.
आत मासे. सगळे एकाच रंगाचे,
भिजलेल्या पुठ्ठ्याच्या.
मरळ, फूलमरळ, डोक :
जिवंतपणी यांची गल्लत
आमच्या भोईवाड्यात शेंबड्या पोरानंही केली नसती.
मरून चाळीस वर्षं झाली
तर तिघींचं तोंड एकच, सापाचं.

नदीत असं नसतं.
फूलमरळीच्या शेपटीपाशी काळा डोळा असतो,
त्याला निखाऱ्याची कड.
मरळीच्या कुशीवरून पोटाकडे तिरपे पट्टे उतरतात,
ओल्या बोटांनी चूल सारवल्यासारखे.
डोक बुटकी, ठिपक्यांची, डबक्यातही खूश.
बाप म्हणायचा,
"तोंड नको देखू. तोंड समदासनं सारखंच.
शेपटीना डोया देख."
पण डोळा रंगाचा, आप्पा,
आणि फॉर्मॅलिन आधी रंगच खातं.

म्हणून टाचणी घ्यायची.
कल्ल्यापासून शेपटीपर्यंत
मधल्या रेषेवरचे खवले मोजत जायचं.
चाळिशीच्या आसपास संपले तर डोक,
पन्नाशी गाठली तर मरळ,
साठ ओलांडले की फूलमरळ.
पुस्तकात हे सरळ आहे.
बरणीतल्या माशाची रेषा
मध्येच एक पायरी उतरते,
तिथं माझी टाचणी घसरते,
चष्म्यावर घामाचा थेंब,
आणि पुन्हा एकपासून.

आईला हे सगळं न मोजता यायचं,
म्हणून तर ती फसवू शकायची.
शिंदखेड्याच्या बाजारात
बदलून आलेल्या मास्तरांना, बँकेतल्या साहेबांना
ती डोक विकायची, मरळीची पिल्लं म्हणून.
"कवळी शे साहेब, घी जा."
मरळीची पिल्लं लालभडक असतात,
मूठभर कुंकू पाण्यावर सांडावं तशी वर येतात
आणि खाली आई-बाप पहाऱ्याला,
हे त्या मास्तरांना कुणी सांगायचं?
मी पाटीशेजारीच बसलेला असायचो.
मीही नाही सांगितलं.
माझी दहावीची फी त्या डोकांनी भरली.

चौदा नंबरची बरणी.
हातभर मासा, वाकवून कोंबलेला.
एकसष्ट.
पुन्हा मोजतो. एकसष्ट.
ओठाच्या कोपऱ्यात गळाची चीर,
आतून बाहेर, उलट्या बाजूला फाटलेली,
डावखुरा माणूस गळ काढतो तशी.
जुनं रजिस्टर उघडतो :
मुडावद, तापी-पांझरा संगम, फेब्रुवारी त्र्याऐंशी.
संग्राहक, प्रा. व. ना. देवरे.

देवरे सर काठावर रुमाल अंथरून बसले होते.
बाप छातीइतक्या पाण्यात.
सरांनी पाच रुपये दिले,
बापानं त्यातला एक परत केला.
का, ते त्यानं सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
सायकलच्या हँडलला ओलं पोतं बांधून सर निघाले,
पोत्यात ती दोंडाईच्यापर्यंत जिवंत असणार.
ही जात हवेवरही तग धरते.

नवीन लेबल. पक्की काळी शाई.
जात : फूलमरळ.
ठिकाण : रजिस्टरप्रमाणे.
संग्राहक : रजिस्टरप्रमाणे.
मग खाली उरलेल्या बोटभर जागेत, बारीक,
पकडली : हिलाल शिवदे. डाव्या हाताने.
तपासणीला येतील त्यांना खटकलं तर खटकलं.

सतरा नंबरमधले खवले झडून गेलेत.
शेपटी कुजलेली, मोजायला काही नाही.
आई असती तर झाकण न उघडता म्हणाली असती,
मरळच शे साहेब, कवळी शे.
मी प्रश्नचिन्ह काढतो,
शाई वाळेपर्यंत फुंकर घालतो
आणि कपाट लावून घेतो.