कलम नऊ

मार्चअखेर. बिलं, व्हाउचरं,
आणि कूलरला अजून वाळा आणलेला नाही.
मी रिपोर्ट काढून बसलोय :
वर्षभरात कोणता चित्रपट किती वेळा पाहिला गेला.
कंपनीच्या हिशेबात तीस सेकंदांच्या आतलं पाहणं
हे पाहणं नसतं.
पटतं मला. वाचकही तसेच,
पुस्तक उघडतात, वास घेतात, ठेवतात.

एक ओळ मात्र अडून बसली.
गंगेकाठचा माहितीपट, कुण्या परक्या माणसानं
चाळीस वर्षांपूर्वी काढलेला.
सतरा वेळा पाहिलाय, एकाच लॉगिननं,
आणि दर वेळी एक्केचाळिसाव्या मिनिटापासून
चव्वेचाळिसाव्यापर्यंत.

अनुसया घाटे, एम. ए., दुसरं वर्ष.
बोलावलं. दंड लागतोय असं वाटलं असेल,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.
"सर, ते आमचं गाव हाय. पिंपळडोह.
बंधाऱ्याच्या पाण्यात गेलेलं.
आन् तो जाळं सांधायलाय ना,
तो माझा आजा."

मीही पाहिली ती तीन मिनिटं.
घाट, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी,
होडीत बसलेला एक तरणा माणूस,
एकदाही वर न बघणारा.

"त्यांना दाखवलंस?"
"गावात लागत नाही सर.
म्हणतंय, तुम्ही परिसराबाहेर आहात."

खरंच म्हणतंय. पाणी चढलं तेव्हापासून
ते सगळेच परिसराबाहेर आहेत.

परवाना काढला. अठ्ठावीस पानं,
इंग्रजी अशी, की वाक्य सुरू होताना चहा सांगावा
आणि क्रियापद यायच्या आत रिकामा कप परत जावा.
प्रत काढायची नाही.
चारचौघांत दाखवायचं तर वेगळे पैसे, डॉलरमध्ये.
होडीत जो बसलाय, त्याच्याबद्दल कुठं अवाक्षर नाही.
मग कलम नऊ, बारीक अक्षरांत :
ग्रंथालयाच्या इमारतीत प्रत्यक्ष हजर असलेला
कोणताही अभ्यागत
प्राधिकृत वापरकर्ता समजण्यात यावा.

कुलथे मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
"एकतीस तारखेच्या आत आणा. नूतनीकरणाला पैसे नाहीत."

तीस तारखेला नऊच्या एसटीनं सटवाजी घाटे
नांदेडला उतरले.
धुतलेलं धोतर, पिशवीत मुरमुरे.
चप्पल दाराशी काढली. नका म्हटलं, तरी काढली.
नोंदवहीत गाव सांगितलं पिंपळडोह,
त्याच्याआधी 'नवं' लावलं नाही.
तीन नंबरच्या संगणकासमोर बसवलं.
पटक्यावर हेडफोन बसेना, म्हणून पटका उतरवला,
तसा म्हातारा लाजला.

पोरगी थेट एक्केचाळिसावर न्यायला लागली.
"थांब की गं. पहिल्यापसून लाव."
सगळा पाहिला. एक तास बारा मिनिटं.
बोटं मात्र मांडीवर चालूच होती,
गाठ मारत, ओढत, पुढची गाठ.

मी तयारीत होतो.
पाण्याचा ग्लास, धीराचे दोन शब्द.
हेडफोन काढून म्हातारा म्हणाला,
"होडी आमची नव्हती, मास्तर.
आमची फुटकी व्हती.
चांगली दिसायला पायजे म्हनून साहेबानं
माधा लिंबोऱ्याची आणवली.
आन् माधालाच म्हनला, तू बाजूला हो,
सावली पडायलीय.
ते पायरीवर काळं दिसतंय का?
तो माधा."

एक एप्रिल. त्या जागी आता राखाडी चौकोन आहे :
हे शीर्षक आपल्या संग्रहात उपलब्ध नाही.
नियमानं सूचीतली नोंदही काढायला हवी.
मॅडम दोनदा विचारून गेल्या.
काढतो म्हणालोय.
तोवर भाषा, मिनिटं, रंग यांच्या खाली
टीपेच्या रकान्यात एक ओळ जास्त आहे :
होडी माधा लिंबोरे यांची.