बावीस मिनिटं

काल शाहू स्टेडियमवर
त्यांचा सेंटर फॉरवर्ड पडला.
गुडघा ज्या बाजूला वळू नये
त्या बाजूला वळलेला
मी स्पष्ट पाहिला, पायऱ्यांवर पुढंच होतो.
आणि माझ्या हातातली हलगी
थांबली नाही.
उलट कडाडली.

आज सकाळी साडेनऊला
तोच गुडघा माझ्या टेबलावर.
तुषार सातपुते, वय तेवीस, उजवा.
नेहमीसारखं विचारलं :
अंगात पट्टी, स्क्रू, काही धातू?
गळ्यातला बदाम काढ. कडं काढ.
जॅकेट काढ, त्याला चेन आहे.
काल ज्या रंगाला मी आईवरून बोललो
तो रंग घडी होऊन
प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, मोबाईलखाली.
हिरव्या गाऊनमधला पोरगा
कुठल्याच पेठेचा दिसेना.

किणेकर मॅडम एकदा चहा पिताना म्हणालेल्या,
दुसऱ्याला टाचणी टोचलेली बघितली
की बघणाऱ्याच्या मेंदूतही एक जागा जागी होते,
इन्सुला म्हणतात तिला,
घडीच्या आतल्या घडीत,
चपलेच्या दुहेरी तळात शिवण लपते तशी.
आणि टोचून घेणारा समोरच्या टीमचा असला
तर ती जागा पेंगते.
काहींच्या डोक्यात तर भलतीच जागा उजळते,
बक्षीस लागल्यावर उजळते ती.
मी हसलो होतो.
म्हटलं, हे शोधायला मशीन कशाला,
आमच्या पेठेत या.

बाहेर बाकावर त्याची आई.
सुभाषनगरात चपलांच्या वेण्या विणते,
दोन बोटांना चिंध्या.
पोरगा व्हीलचेअरवर पुढं, ती मागं चालत आली
तेव्हा उजव्या पायानं लंगडत होती.
पायाला काही झालेलं नव्हतं.
तिला ठाऊकही नव्हतं, आपण लंगडतोय.
"लई दुखतंय काय वो त्येला आत?"
नाही मावशी. नुसता आवाज होतो.

नुसता आवाज.
ठक ठक ठक ठक टर्रर्र ठक.
नऊ वर्षं ऐकतोय काचेच्या अलीकडून,
आज कळलं
हीसुद्धा हलगीच.
हिला कोण पडलं ते माहीत नसतं.

पडद्यावर काप उतरत गेले.
राखाडी, काळे, मध्येच पांढरं पाणी.
लिगामेंट पिंजलेल्या सुतळीसारखं.
मी वाट बघत बसलो,
आपल्या आत काही हलतंय का.
खरं सांगतो, फार नाही.
थोडं. तेही
आई लंगडताना दिसली म्हणून.

चौदाव्या मिनिटाला त्यानं मुठीतला फुगा दाबला.
आत गेलो. दात वाजत होते त्याचे.
एसी कमी होत नाही, मशीनला गारवा लागतो.
मी माझी शाल आणली, छातीपर्यंत ओढली,
कडा खाली खोचल्या.
तेवढ्यात तो म्हणाला,
"दादा, काल तुम्हीच होता न्हवं?
हलगी भारी वाजवता."

काही सुचलं नाही.
म्हटलं, हलू नको.
आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं,
बावीसच्या बावीस मिनिटं.

शाल टाकली तेव्हा
माझ्या डोक्यात काय उजळलं, काय नाही,
कुणी फोटो काढला नाही.
दया आधी आली की हात आधी गेला,
मला विचारू नका.
मला वाटतं, हात.

रविवारी फायनल आहे.
हलगी शेकून ठेवलीय, टणटणीत.
त्यांचा कुणी पडला तर
हात थांबेल का?
थांबणार नाही.
थांबवावा लागेल.