दाराशी ठेवलेली पिशवी

नोव्हेंबरात भरली होती पिशवी.
पाण्याच्या सहा बाटल्या, लोकरीची दोन ब्लँकेटं,
कारण सुती किंवा लोकर, बाकी सगळं अंगाला चिकटून जळतं,
असं अग्निशमन दलाच्या बाईनं हॉलमध्ये दोनदा सांगितलं होतं.
बॅटरी, जादा सेल, क्लेमच्या रक्तदाबाच्या गोळ्या,
घराचे कागद आइस्क्रीमच्या डब्यात.

मग डिसेंबर आला आणि पिशवीला गळती लागली.
सेल गेले रेडिओत, कसोटीच्या पाचव्या दिवशी.
बिस्किटं नातीनं खाल्ली, आणि पुडा घडी घालून
प्रामाणिकपणे परत ठेवला, रिकामा.
बँडेज कुत्र्याच्या पंजाला.
एक ब्लँकेट माझ्याच गुडघ्यांवर.
संकटासाठी राखलेलं काही टिकत नाही घरात;
रोजची गरज उंदरासारखी येते, कुरतडून जाते.

फ्रिजवर चुंबकाखाली आमची योजना.
एक कागद, दोन रकाने: जायचं, राहायचं.
'जायचं' माझ्या अक्षरात.
'राहायचं' क्लेमच्या, पेन्सिल दाबून:
टाकी पन्नास हजार लिटरची. पंप. लांब पाइप दोन.
पन्हळींत टेनिसचे चेंडू कोंबून पाणी भरणे.
'हे घर मी बांधलंय' याला रकाना नव्हता,
ते जेवताना यायचं, मिठासारखं.

आम्ही भांडलो नाही. त्रेपन्न वर्षांत
विषय बदलून भांडायला शिकलो होतो.
तो म्हणे, मटण वातड झालंय.
मी म्हणे, तुझेच दात म्हातारे झालेत.

फेब्रुवारीतला तो मंगळवार.
चौकातल्या पाटीवरचा काटा शेवटच्या रंगावर.
सकाळी सातलाच उत्तरेचा वारा,
भट्टीचं दार कुणी उघडं टाकावं तसा.
काकाकुवे गप्प.
गप्प काकाकुवा मी जन्मात पाहिला नव्हता.
समोरची स्टाव्रूला गाडीत कोंबड्या भरत होती,
ओरडली, 'रस्ता एकच आहे, मर्ल!'
जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

धूर अजून डोंगरापलीकडे.
आत्ता निघालं तर घाबरट, दुपारी निघालं तर मूर्ख.
मधल्या वेळेला नाव नसतं.

क्लेम पंपाकडे गेला.
मी भांडी घासत होते, म्हणजे एकच कप घासत होते.
खिडकीतून दिसलं: त्यानं दोरी ओढली. पंप खोकला.
पुन्हा.
पुन्हा.
चौथ्यांदा उजव्या हातावर डावा हात ठेवला.
पाचव्यांदा दोरी अर्ध्यातच सुटली,
सापासारखी आत पळाली.
मग तो नुसता उभा राहिला,
पंपाकडे पाठ, घराकडे पाठ, तोंड डोंगराकडे.
बनियनमधली ती पाठ
इतकी लहान कधी झाली?
मी खिडकीपासून बाजूला सरले.
पाहिलं नाही, एवढंच कधी कधी
देण्यासारखं असतं आपल्यापाशी.

आत आला. हात धुतले, बराच वेळ.
म्हणाला, 'टिंकरला धूर सोसायचा नाही.
कुत्र्यासाठी तरी निघायला हवं.'
टिंकर कोपऱ्यात घोरत होता.
मी म्हटलं, 'हो ना, बिचारा.'

बाकीचं दहा मिनिटांत.
पिशवीतल्या रिकाम्या जागांत मी कोंबलं
धुण्याच्या दोरीवरचं हाताला लागलं ते,
आणि तो घासलेला कप.
क्लेमनं फ्रिजवरचा कागद काढला,
घडी करून खिशात घातला.
कुठला रकाना आत दुमडला, ते दिसलं नाही.

मग दाराला कुलूप लावलं,
दोनदा ओढून पाहिलं,
सुट्टीला निघाल्यासारखं.
कुणी आत यायचं नव्हतं, ते मी विचारलं नाही.

गाडीच्या काचेवर राखेचा पहिला कण बसला,
अगदी हलका.
क्लेमनं वायपर लावले.