सरकपट्टी

धडा तिसरा: मापन.
बी.ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी; म्हणजे ज्यांनी विज्ञान
दहावीच्या निकालाबरोबरच गोदेत सोडलं, त्यांच्यासाठी.
पडद्यावर मी एक पेला काढला, निळं पाणी,
बाजूला सरकपट्टी, शून्य ते शंभर.
खाली बटण: पुढे.

अठ्ठेचाळीस जणांनी धडा उघडला.
सरासरी वेळ एक मिनिट नऊ सेकंद.
पट्टीला हात लावला तिघांनी,
त्यातली एक मीच, तपासताना.

गंगापूर रोडच्या खोलीत पंखा बंद करून
आवाज पुन्हा रेकॉर्ड केला, घाम पुसत.
शब्द सोपे केले, चित्र हलतं केलं,
पेल्याला डोळेसुद्धा काढले, देवा, क्षमा कर.
पुढे. पुढे. पुढे.

मग शीतला बेंडकुळेचा निरोप, इतिहास स्पेशल:
"मॅडम, या पेल्याला पूर येतो का?"

फोन लावला. ती घाटावर, मागे भांड्यांचा खणखणाट.
म्हणाली, आमच्याकडे पाणी आकड्यांत येत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं
की आई फुलांच्या टोपल्या हलवते.
कमरेला, की मामा दुकानातलं तांबं माळ्यावर चढवतो.
छातीला आलं की कुणाला काही सांगावं लागत नाही.
गळ्याला मी नाही पाहिलं. आत्यानं पाहिलंय,
ती त्यावर बोलत नाही.

रात्री पेला पुसला, डोळ्यांसकट.
तिथे मारुती उभा केला. सरकपट्टीही उभी केली,
आकडे काढून टाकले.
वर ओढा, पाणी चढतं.
प्रश्न एकच: तुम्ही कुठे थांबवाल, आणि का?

उत्तरं आली, लांबलचक, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसलेली.
एकानं घोट्यालाच थांबवलं: "आमची खोली उताराला."
एकीनं डोक्यावरून नेलं आणि लिहिलं, बघायचं होतं.
सिन्नरच्या मुलानं विचारलं,
ज्या गावात मारुती पाण्यात उभा नाही
त्यांनी कशानं मोजायचं?
त्याच्यासाठी मीटर आणला, चौथ्या पडद्यावर,
आणि क्युसेक, जो शब्द ही मुलं
दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकत आलेली,
लांबच्या पाहुण्याच्या नावासारखा.

शीतलानं मात्र पट्टी उलटी ओढली,
पायांच्या खाली, चौथऱ्याच्या खाली,
जिथे मी काही काढलंच नव्हतं.
नुसता पांढरा पडदा.
"मॅडम, एखाद्या मे महिन्यात इथवर जातं.
याला काय म्हणायचं?"

'पुढे' हे बटण मी काढून टाकलंय.
तूर्तास.