सात इंच

नाव लिहून घेणारी पोरं तुकडी विचारत होती,
अ की ब?
तीस वर्षांनी मी ब म्हटलं,
जरा मोठ्यानेच.

पारोळ्याचं जानेवारीतलं ऊन,
पाठीला ऊब, पायाशी गार फुफाटा.
कुंपणाशी पऱ्हाट्यांच्या जाळावर
भरताची वांगी फुटत होती,
आणि निंबा बडगुजर (आता खताचं दुकान)
गॅदरिंगची ढाल रुमालाने पुसत होता.
रस्सीखेच: अकरा वर्षं, अकरा वेळा अ.
ब एकदाही नाही.

आमचा शेवटचा गडी सुपडू.
जिनिंगातून आणलेला दोर कमरेला गुंडाळून
टाचा रुतवायचा.
हरताना मातीत दोन चर पडत,
ते आठवडाभर बुजत नसत.
आम्ही मुली चुन्याच्या रेषेबाहेर.
ओरडायचं, एवढंच.
दुसऱ्या दिवशी घसा बसलेला,
शिरसाठ सर विचारायचे,
काय गं, तू पण ओढलास का दोर?
वर्ग हसायचा. अ सुद्धा, भिंतीपलीकडून.

मी चोवीस वर्षं भूमापन खात्यात आहे.
जमीन दिसली की डोळा आपोआप तिरपा होतो.
नव्या संडासांच्या बांधकामावरून
गवंड्याची लेव्हल मागून आणली,
दोरी ताणली,
बुडबुडा सरकला.
पाण्याच्या टाकीपासून कडुनिंबापर्यंत
मैदान उतरतं.
सात इंच.
कडुनिंबाकडे कायम अ.

निंबा हसला. मग पुन्हा वाकून बुडबुडा पाहिला.
"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"
दोर कुणी दिला होता हातात?

सुपडू म्हणाला, "व्हयनं ते व्हयनं.
आते बाजू बदला."

पर्स कुणाच्या तरी नवऱ्याकडे दिली,
पदर खोचला.
पुढे वैजयंता, डाव्या गुडघ्यात स्टीलची वाटी,
मागे सुपडूचा श्वास, तंबाखूचा.
दोर वाटला होता त्याहून जाड निघाला.
शिट्टी झाली.

उतार आमचा होता.
ऊन त्यांच्या डोळ्यांत होतं.
आणि आम्ही हरलो,
अर्ध्या मिनिटात, कुणालाही बोट दाखवता येणार नाही असे.

वैजयंता मातीत बसून हसत सुटली.
निंबाने ढाल बाकावर उलटी ठेवली
आणि वांगी सोलायला गेला.

रात्री कळण्याची भाकरी मोडताना
तळहात चुरचुरला.
आयुष्यरेषेला छेदून एक लाल रेघ, तिरपी.
किती इंच, ते पाहिलं नाही.