उणे चाळीस

जुलैचा तिसरा आठवडा. तैगा पेटलेली,
धुरामागे लेना नदीचा पलीकडचा काठ
तीन दिवस दिसलेला नाही.
वार्वारा एगोरोव्नाची गाडी गॅरेजच्या दारात थांबते.
आधी वास आत येतो, कच्च्या पेट्रोलचा,
मग ती स्वतः.

गाडी जपानची, बावीस वर्षांची,
स्टिअरिंग उजवीकडे, जिथे आमच्या रस्त्यांना ते नको असतं.
काचांवर दुसऱ्या काचा चिकटवलेल्या,
डिकीत अजून हिवाळ्यातलं नमद्याचं पांघरूण.
पिवळा दिवा मार्चपासून लागलेला.
"मला वाटलं, त्यालाही थंडी वाजत असेल," ती म्हणते.
चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं तिने.
मलाही. एकदा नापास केलं.

स्कॅनर खुपसतो. मोबाइलवर तीन ओळी.
पी शून्य एक सात दोन: मिश्रणात पेट्रोल जास्त.
पी शून्य चार दोन शून्य: कन्व्हर्टर थकलेला.
पी शून्य एक एक आठ.
गवरिलने मे महिन्यात पहिल्या दोन वाचल्या,
ऑक्सिजन सेन्सर बदलला, नऊ हजार रूबल घेतले.
तिसरीपर्यंत पोचेतो
त्याची चहाची वेळ झाली असणार.

कोड म्हणजे तक्रार.
कोण ओरडतंय ते कळतं,
चिमटा कोणी काढला ते नाही.

आत बघतो. इंजिनातल्या पाण्याचं तापमान:
उणे चाळीस.
बोनेटवर हात टेकवत नाही इतकं तापलंय,
पंखा थांबायला तयार नाही,
आणि कॉम्प्युटर जानेवारी समजून
पेट्रोल ओततोय, ओततोय,
नको नको म्हणणाऱ्या पाहुण्याच्या ताटात वाढावं तसं.

"उणे चाळीस," ती माझ्या खांद्यावरून वाचते,
"सेल्सिअस आणि फॅरनहाइट इथे एक होतात.
परीक्षेत विचारलं होतं. तू काय लिहिलंस, आठवतंय?"
आठवतंय. शून्य.

आम्ही साखा माणसं भेटलो की म्हणतो, कॅप्सिए. सांग.
समोरचा म्हणतो, सुओख. काही नाही, तू सांग.
आणि मग तासभर बोलतो.
कॉम्प्युटरही पाच व्होल्ट पाठवून विचारतो: सांग.
सेन्सर त्यातले थोडे खातो, उरलेले परत देतो,
उरलेल्यावरून ऊन की थंडी ते कळतं.
इथे पाचच्या पाच परत येतायत.
कोणी हातच लावलेला नाही.
हा आकडा थंडीचा नव्हे,
दार वाजवून परत आलेल्याचा.

मल्टीमीटर सेन्सरच्या पायांना लावतो. तीनशे वीस ओहम.
खरं बोलतोय बिचारा, कोणापर्यंत पोचत नाहीये.
मग तार बोटांनी चाचपत मागे जातो,
क्लिपच्या मागे चार बोटांवर ती वाकते तशी वाकायला नको.
प्लास्टिक काचेसारखं तडकलेलं, आत तांबं हिरवं.
कधी तुटली कोण जाणे.
जानेवारीत तुटली असेल
तर त्या सकाळी तिचं खोटं
भिंतीवरच्या तापमापीशी तंतोतंत जुळलं असेल,
आणि नमद्याखालून गाडी काढताना
बाईंना वाटलं असेल, शहाणी आहे.

कापली, सोलली, डाग दिला, नळी चढवली.
"कोड पुसू?"
"थांब. गाडी रात्रभर इथे राहू दे.
गरम इंजिनावर कोणीही बरोबर येतं."

सकाळी सहाला ती हजर, वही घेऊन.
किल्ली फिरवली, इंजिन चालू नाही केलं.
सेन्सर: एकोणीस. भिंत: सतरा.
वहीत दोन्ही लिहिले, खाली रेघ मारली.
"दोन अंशांचं भांडण आहे," म्हणाली,
"चालेल. दोघंही जागे आहेत."

दीड हजार रूबल दिले, लाल बेरींच्या मुरंब्याची बरणी दिली,
आणि धुरात गेली.
कन्व्हर्टरचं तिने विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
महाग आहे तो. सप्टेंबरात सांगेन.
किंवा वही काढून तीच विचारेल.