सरावाचं खातं

कारखान्याचा नवा मालक उट्रेख्टला.
त्यानं शिकवणीचं कंत्राट लिस्बनला दिलं,
लिस्बननं पोर्तोच्या एका एजन्सीला,
एजन्सीनं मला. माणशी एकोणीस युरो,
पेट्रोल माझं.

उपाहारगृहात बाकं सरकवून वर्ग केला.
पडदा म्हणून भिंतीवर टेबलक्लॉथ,
त्याला घेवड्याच्या सूपचा वास.
बावीस जण. भुवयांत बुचाची भुकटी तशीच.
मी म्हणालो, नमस्कार, मी तेल्मु,
पुढचे तीन दिवस आपण सगळे मिळून शिकू या.
हे वाक्य माझं नाही. स्लाइड दोनवर आहे.

खरं सांगायचं तर
ही प्रणाली मी पहिल्यांदा गेल्या मंगळवारी पाहिली.
आडातच नव्हतं.
पोहरा मात्र नवाकोरा, त्यावर एजन्सीचा लोगो.

स्लाइड्स ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये.
त्यांच्या स्क्रीनला आमच्याकडे
चित्राचा कॅनव्हास म्हणतात.
"म्हणजे रंगवायचं का?" फोर्कलिफ्टवाल्या फिर्मिनुनं विचारलं,
आणि पहिल्यांदा सगळे हसले.

सरावाचं उदाहरण सायकलींच्या दुकानाचं.
लाल सायकल, मध्यम, नग चार.
मागवा. गोदामात घ्या. बिल करा.
एकवीस जणांनी चार-चार घेतल्या,
फिर्मिनुनं चारशे.
"बिनधास्त दाबा," मी सांगत फिरलो,
"इथे काहीच खरं नाही."

दुसऱ्या दिवशी अदेरितु उठला. रानात जाऊन साल विकत घेणारा.
"झाडाची साल काढली की बुंध्यावर
त्या सालचा शेवटचा आकडा रंगवतो आम्ही.
एकच. पांढरा.
पुढची साल नऊ सालांनी.
ती तारीख घातली की हा चौकोन लाल होतो."
पाहिलं. प्रणालीला छत्तीस महिन्यांपलीकडचं दिसत नव्हतं.
नऊ वर्षांत मालक तीनदा बदलेल, प्रणाली दोनदा,
आणि मी
म्हणालो, प्रश्न नोंदवून घेतो.
अशा प्रश्नांसाठी वहीत 'पार्किंग' नावाचं पान असतं.
तिथे लावून ठेवला, हँडब्रेक ओढून.

ग्रासिएत. एकतीस वर्षं निवडीच्या टेबलावर.
मूठभर बुचं नाकाशी धरते, एक काढून फेकते.
आता त्यासाठी यंत्र आलंय;
यंत्र बरोबर आहे का, ते तिला विचारतात.
"वासाचा रकाना कुठाय?"
मी वरखाली शोधलं. वजन, व्यास, ओलावा, रंगाचा कोड.
"शेरा," मी म्हणालो. "चाळीस अक्षरं."
"पुरतील."
आणि एका बोटानं टाइप करत बसली,
जेवणाची घंटा झाली तरी.

तिसऱ्या दिवशी सह्या. बावीसच्या बावीस,
'मला सर्व समजले आहे' याच्या खाली.
फिर्मिनु म्हणाला, सोमवारी अडलं तर तुला फोन करायचा ना?
मी त्याला एक नंबर दिला.
तो क्राकूवमध्ये वाजतो. उचलणारे इंग्रजी बोलतात.
फिर्मिनुनं चिठ्ठीची नीट घडी घालून
टोपीत ठेवली, आणि मला वाटलं, आता निघावं.

सहा वाजता सरावाचं खातं पुसायचं, अशी लेखी सूचना.
पुसण्याआधी गोदाम उघडलं. कशाला, ठाऊक नाही.
फिर्मिनुच्या चारशे सायकली तशाच उभ्या.
ग्रासिएतच्या चार, प्रत्येकीपुढे शेरा:
ठीक.
ठीक.
ठीक, पण उद्या पुन्हा हुंगा.
ओल्या पुठ्ठ्याचा वास. माल परत.

मी नाक स्क्रीनपाशी नेलं.
उपाहारगृहात कोणी नव्हतं, म्हणून सांगतोय.

मग पुसलं. खात्री आहे का, असं त्यानं दोनदा विचारलं.

गाडीत बसेपर्यंत एजन्सीचा मेसेज:
हजेरी शंभर टक्के, अभिनंदन.
पुढच्या आठवड्यात ग्वार्दा, चीजचा कारखाना.
सायकली त्याच.